छक्का, बायल्या, गोड, मामू... आपण गंमत म्हणून म्हणतो, पण ऐकणाऱ्याचं काय?

कास्तकार_पोट्टा
राम राम मंडळी. हा धागा काढू की नको यात चार दिवस गेले. शेवटी काढतोच.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापूस आणि तूर. संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर आमची बैठक असते. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो, बाजारभाव निघतात, आणि एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय कोणाचं जेवण पचत नाही. त्यात छक्का, बायल्या, गोड, मामू, पावणेआठ, म्हणजे एखाद्याला बायकी किंवा पुरुष आवडणारा म्हणून चिडवायचे शब्द, येतातच. कोणी गुलाबी शर्ट घातला, कोणी गाडी हळू चालवली, कोणी बायकोला विचारून येतो म्हणाला, की लगेच एक शब्द तयार. मीही म्हणतो. वीस वर्षं म्हणतो आहे.

दिवाळीत माझा चुलतभाऊ पुण्याहून आला. त्याला आणायला धामणगाव स्टेशनवर गेलो. परतताना सवयीने पानठेल्यावर थांबलो, दहा-पंधरा मिनिटं. नेहमीचं हसणं-खिदळणं झालं आणि घरी आलो. रात्री छपरीत दोन बाजा टाकून झोपलो होतो. मला वाटलं त्याला झोप लागली. तर तो अंधारात म्हणतो, "दादा, अकरा वेळा."
मी म्हटलं, काय अकरा वेळा?
"स्टेशनापासून घरापर्यंत. तो शब्द आणि त्याचे भाऊबंद. त्यातले चार तुझे."
आणि कूस बदलून घेतली.

त्याला ते का लागावं हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मी हा विषय काढला, तर पोट्टे म्हणाले, "काहून बे, गंमत होती. तू लय शिकल्यावानी करून राह्यला."

म्हणून विचारतो. हे शब्द खरंच अपमानाचे आहेत, की आम्ही म्हणतो तशी नुसती गंमत?

तर्रीवाला
भाऊ, आपल्या इकडे "बे" शिवाय वाक्य संपत नाही. बापलेक एकमेकांना जे म्हणतात ते पुण्याच्या माणसाने ऐकलं तर पोलीस बोलावेल. शिमग्याला आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या बोंबा मारतात. त्यात कोणाचं काय काढलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि सकाळी राख लावून सगळे गळ्यात गळे घालतात. मला गेली दहा वर्षं गाव टकल्या म्हणते. मी मोजत बसलो का? शब्दामागचा भाव बघावा. मनात वाईट नसेल तर शब्द वाईट नसतो, असं माझं ठाम मत आहे.

तूरडाळ
मग क्रिकेटात काय म्हणायचं आता? छक्का मारला म्हटलं तर बॅट्समन भांडेल.

पुण्यातला_वऱ्हाडी
षटकार म्हण ना. मराठी माणूस आहेस.

तूरडाळ
हे बरं सांगतलं. आजपासून षटकार.

धुऱ्यावरची
तर्रीवाला भाऊ, तुम्हाला टकल्या म्हणतात म्हणून तुमच्या वडिलांची मान कधी खाली गेली का? टक्कल आहे म्हणून कोणी तुम्हाला घराबाहेर काढलं का? तुमच्या बहिणीची सोयरीक अडली का? आमच्या गावात एका मुलाबद्दल नुसती कुजबुज झाली, तर त्याच्या धाकट्या बहिणीला पाहायला आलेले पाहुणे कांदेपोहे न खाता उठून गेले. दोन शब्दांचं वजन सारखं कसं म्हणता?

आणि मला दुसरंच बोलायचं आहे. "बायल्या" ही शिवी का आहे? बाईसारखा, एवढाच तर तिचा अर्थ. म्हणजे बाई असणं हेच तुमच्या लेखी कमीपणाचं.

माझा पुतण्या दहावीनंतर घरीच आहे. कापूस वेचणी आमच्याकडे बायकांचं काम, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पुरुष फवारणी करेल, डवरा धरेल, गाठोडं उचलून गाडीत टाकेल, पण ओटी बांधून वेचायला बसणार नाही. हा बसतो. हात इतका चालतो की बोंडात कवडी राहत नाही, पाला-कचरा येत नाही. दिवसाला पन्नास किलो वेचतो, कधी जास्त. किलोवर मजुरी आहे, घरात रोख पैसा येतो. वेचणी सुरू करतानाच्या सीतादहीच्या दिवशी पहिल्या झाडाची पूजा करायलाही तो आमच्यासोबत बसला, दही-भात त्यानेच शिंपडला. रस्त्याने जाणारे दोन गडी ओरडले, "काय वं, लुगडं कवा नेसतं?" तो हसला. पण दुसऱ्या दिवसापासून वेचायला येताना बापाचा जुना सदरा घालून, डोक्यावर रुमाल बांधून, तोंड अर्धं झाकून येतो. पन्नास किलोचे चाळीस झाले.

त्याला मुलं आवडतात की मुली, मला ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही. तो नुसता कापूस वेचतो.

तर्रीवाला
ताई, तुमच्या पुतण्याला जे ओरडले ते टवाळ. मी मित्रांमधल्या बोलण्याबद्दल म्हणत होतो. दोन्ही एक करू नका.

धुऱ्यावरची
टवाळांनी तो शब्द पानठेल्यावरूनच आणला, भाऊ.

आशा_सेविका
ताईंच्या बोलण्यात माझं एक जोडते. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली तेव्हा आमच्या गावात किती घरचा कापूस गेला ते आठवा. आमचे एक शेजारी, साठीचे, दार लावून रडत होते. भावाने दार ठोठावून म्हटलं, "बायल्यासारखा काय रडतं? मर्द आहे ना?" त्यानंतर ते रडले नाहीत. कोणाशी बोललेही नाहीत. आम्ही आठवडाभर पाळीपाळीने त्यांच्या घरी जाऊन बसलो, चहा घेतला, त्यांना एकटं सोडलं नाही. आज ते आहेत, नातवाला खेळवतात. पण तो आठवडा मी विसरणार नाही. हा शब्द फक्त "तसल्या" पोरांनाच लागतो असं समजू नका.

मास्तर_निवृत्त
मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं, शेवटची बारा वर्धा जिल्ह्यात. एक प्रसंग लिहितो. माझ्याकडून जे झालं तेही लिहितो.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबत निघते, म्हणजे गावाची रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. नागपूरची काळी-पिवळी मारबत सगळ्यांना माहीत आहे, खेड्यांतही सकाळीच पोरं पळसाच्या डहाळ्या घेऊन निघतात आणि ओरडतात, "इडा पिडा, खासी खोकला, घेऊन जा गे मारबत!" यातला "गे" हा आपला जुना हाक मारायचा "गे" आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगातला. त्याचा इंग्रजी शब्दाशी काडीचा संबंध नाही.

सातवीत एक मुलगा होता. बारीक आवाजाचा, हात हलवत बोलणारा, निबंध फार छान लिहायचा. पोरांनी काय शोधून काढलं, तर "घेऊन जा" हळू म्हणायचं आणि "गे" वर सगळ्यांनी मिळून त्याच्याकडे तोंड करायचं. एका आवाजात. पोळा झाला, गणपती बसले, दिवाळी आली, तरी वर्गात ते चालूच. मी फळ्याकडे तोंड करून उभा असताना मागून यायचं, "घेऊन जा... गे!" आणि हशा.

पहिल्या वेळी मीसुद्धा हसलो. कोटी म्हणून हसलो. तो माझ्याकडे बघत होता. मी हसल्यावर त्याने पुस्तकात मान घातली, आणि त्या वर्षात पुन्हा कधी हात वर करून उत्तर दिलं नाही. नववीत त्याने शाळा सोडली. कारण विचारायला मी घरी गेलो, तर वडील म्हणाले, "सर, त्याले शाळा जमत नाही." त्याला शाळा जमत होती. शाळेला तो जमला नाही, आणि त्यात मी होतो.

इथे कोणी "मुलं चिडवतातच" म्हणणार असेल, तर कृपा करून म्हणू नका. मुलं बघतात की मास्तर हसतो का.

पुण्यातला_वऱ्हाडी
सर, नमस्कार करतो तुम्हाला. हे लिहायला धाडस लागतं.

तूरडाळ
मारबतीचं वाचून अंगावर काटा आला. आम्हीही शाळेत हेच केलं होतं. मला वाटायचं आमच्याच वर्गाने शोधलं.

झाडीकर
मी गडचिरोली जिल्ह्यातला, देसाईगंजच्या म्हणजे आमच्या वडशाच्या बाजूचा. "नाच्या" हा शब्द इथे अजून आला नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरात तो शब्द जेवणाच्या ताटासोबत यायचा.

माझे आजोबा खडी गंमत आणि दंडार या आमच्या लोकनाट्यांत बाईची भूमिका करायचे. त्या काळी बायका उभ्या राहत नसत, पुरुषच लुगडं नेसून नाचायचे. आजोबांनी त्यासाठी केस वाढवले होते. हंगाम आला की, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी मंडई (आमच्याकडच्या जत्रा) भरू लागल्या की, गावातल्या बायका स्वतःहून आपलं ठेवणीतलं लुगडं त्यांच्यासाठी काढून द्यायच्या. कोणाचं जास्त शोभलं यावर त्यांच्यात आठवडाभर चर्चा. आजी त्यांची वेणी घालायची. ढोलकी आणि डफावर त्यांचा पाय पडला की रात्रभर माणूस हलत नसे. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, आलेली पाहुणेमंडळी गाड्या सोडून थांबायची. पाच-सात गावांतून सुपारी यायची, घरात धान्य यायचं. आमचं एक एकर आजोबांच्या नाचावर घेतलेलं आहे.

पण सकाळ झाली की तोच माणूस विहिरीवर गेला की "आला नाच्या". ज्यांनी रात्री शिट्ट्या मारल्या, पैसे उधळले, तेच. माझे वडील शाळेत "नाच्याचा पोरगा". वडिलांनी ठरवलं की घरात कोणी पायात चाळ बांधायचे नाहीत. आजोबांचे चाळ त्यांनी धान्याच्या कोठीत सगळ्यात खाली ठेवले. मी लहानपणी ज्वारी काढताना हाताला लागायचे.

आज आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर बायकाच बायकांची कामं करतात, मोठमोठे मंडप लागतात, एका हंगामात शेकडो प्रयोग होतात, मोठा धंदा आहे. पण विनोदी पात्राने कंबर हलवली आणि समोरच्याने तो शब्द टाकला की अजूनही सगळ्यात मोठा हशा तिथेच पडतो. मी पडद्यामागे लाइटचं काम करतो, रोज ऐकतो. ज्या कलेला आजोबांसारख्यांनी उभं केलं, तिच्याच मंडपात हे होतं.

संत्राबर्फी
झाडीकर, आजोबांवर वेगळा धागा काढा ना. खडी गंमतीतल्या नाच्याची तयारी, गाणी, सगळं. हे लिहून ठेवलं नाही तर जाईल.

झाडीकर
काढतो. वडिलांना विचारावं लागेल. ते बोलतील की नाही, पाहतो.

वकिलीण_बाई
भंडाऱ्याला वकिली करते. बरेच जण "कायद्याने गुन्हाच आहे ना ते" असं अजूनही म्हणतात, म्हणून थोडक्यात.

भारतीय दंड संहितेचं ३७७ कलम इंग्रजांनी १८६० च्या कायद्यात आणलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द ठरवलं, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं की दोन प्रौढांमधला संमतीचा समलैंगिक संबंध गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलमच नाही. लग्नाला मात्र मान्यता मिळालेली नाही, ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो विषय संसदेवर सोडला.

तृतीयपंथी व्यक्तींचा विषय वेगळा आहे. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्यातल्या कलम १८ मध्ये तृतीयपंथी व्यक्तीला तोंडी किंवा मानसिक छळ केल्यास सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे.

आणि पोरांसाठी महत्त्वाचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. लैंगिक कल किंवा लिंगओळख यावरून विद्यार्थ्याला त्रास देणं रॅगिंगमध्येच मोडतं. म्हणजे कॉलेजच्या होस्टेलात "छक्का" म्हणून कोणाला छळलं तर ती गंमत राहत नाही.

तर्रीवाला
मॅडम, म्हणजे पानठेल्यावर मित्राला बोललो तर आत जाईन का?

वकिलीण_बाई
मित्राला हसत एकदा बोललात म्हणून कोणी आत टाकणार नाही, भाऊ. मी घाबरवायला लिहिलं नाही. १८६० पासून २०१८ पर्यंत ज्या माणसांच्या डोक्यावर तुरुंग टांगलेला होता, त्यांनी तो शब्द ऐकताना काय ऐकलं असेल, हे सांगायला लिहिलं. तुम्हाला शब्द ऐकू येतो, त्यांना त्यामागून पोलीस, बाप आणि जातपंचायत ऐकू येते.

नवी_सून
मला एक कळत नाही. आमच्या घरी बाळ झालं तेव्हा तृतीयपंथी मंडळी आली होती. सासऱ्यांनी त्यांना अंगणात सतरंजीवर बसवलं, सासूबाईंनी साडी, पायलीभर गहू, एकशे एक रुपये दिले आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा आशीर्वाद लागतो, शाप घेऊ नये, असं सगळे म्हणतात. त्याच संध्याकाळी माझ्या दिराने ट्रॅक्टर चालू होत नाही म्हणून मेकॅनिकला "हिजडा" म्हटलं. सकाळी ज्यांच्या पाया पडलो, संध्याकाळी त्यांचं नाव शिवी कसं होतं?

आशा_सेविका
बरोबर. आणि त्यांच्यातले काही जण "हिजडा" हे आपल्या समाजाचं नाव म्हणून अभिमानाने सांगतात. ते त्यांनी स्वतःला म्हणणं वेगळं. आपण शिवी म्हणून वापरतो तेव्हा त्यांच्या नावालाच शिवी करतो.

अजून एक. ज्याला पुरुष आवडतात तो पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती, या दोन गोष्टी वेगळ्या. आपले शब्द दोघांना एकाच पोत्यात भरतात. गेल्या वर्षी एक माय आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. पोट्टं बायकी चालते, डॉक्टरला दाखवू का म्हणाली. त्याआधी एका बुवाकडे नेऊन आली होती, सात गुरुवार उपाशी ठेवलं होतं त्याला. पोराचे गाल आत गेलेले. मी तिला सांगितलं, काकू, हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. ती बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं. आणि अशा बुवांसाठी आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

ती म्हणाली, "ते सगळं ठीक आहे बाई, पण गाव काय म्हनते ते तू बंद करशील का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पोराला पोहे खाऊ घातले.

संत्राबर्फी
आमच्या आजीला हे कसं समजवायचं यावर घरात मोठी सभा झाली होती. समलिंगी म्हणू, समलैंगिक म्हणू, काही कळेना तिला. शेवटी बहिणीने सांगितलं की आजी, काही माणसांना बायका नाही, माणसंच आवडतात. आजी म्हणाली, "मंग आवडू दे ना. तुमाले काय त्रास?" आणि शेंगा सोलायला लागली. ८४ वर्षांची आहे.

तूरडाळ
आजीला दंडवत.

पुण्यातला_वऱ्हाडी
मी आयटीत आहे. पुण्यात सगळं आलबेल आहे असं समजू नका, इथेही चहाच्या टपरीवर तेच शब्द चालतात. फरक एवढाच की इथे ज्याला त्रास होतो त्याला दुसरी खोली, दुसरं ऑफिस, दुसरी मित्रमंडळी शोधता येते. गावात पानठेला एक, चौक एक, विहीर एक. जाणार कुठे?

आणि धागाकर्त्याला एक विनंती. तुमच्या भावाबद्दल तुम्ही स्टेशन, जिल्हा, पुणे, दिवाळी सगळं लिहिलं आहे. तुमच्या गावातलं कोणी वाचलं तर दोन मिनिटांत ओळखेल. त्याने तुम्हालाही काही सांगितलेलं नाही. कृपया तपशील बदला.

कास्तकार_पोट्टा
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरंच नव्हतं. भावाला लगेच फोन केला आणि धागा वाचायला पाठवला. तो म्हणाला, वाचतो, मग सांगतो. तोवर संचालकांना विनंती, वरचं काढायचं असेल तर मी कळवतो.

नदीकाठ
चार वर्षं इथे फक्त वाचतो. आज पहिल्यांदा लिहितो.

मी अमरावती विभागातल्या एका गावात राहतो, वय ४१, दुकान आहे. मी तोच आहे, ज्याला तुम्ही हे सगळे शब्द लावता.

तर्रीवाला भाऊ, तुम्ही म्हणता भाव बघावा. मी तुम्हाला सांगतो, आमच्या चौकात हे शब्द सगळ्यात जास्त कोण वापरायचं. मी. सगळ्यात मोठ्याने मीच हसायचो. कोणी हळू चालला, कोणी पावडर लावली, की पहिला शब्द माझा. कारण जो दुसऱ्याला म्हणतो त्याच्यावर कोणी शंका घेत नाही, हे मला चौदाव्या वर्षी कळलं होतं. आमच्या वर्गात एक मुलगा होता, मास्तरांनी लिहिलाय अगदी तसा. मला तो आवडायचा. त्याला सगळ्यात जास्त मी छळलं. त्याच्या दप्तरात बांगड्या ठेवल्या होत्या मी, हिरव्या, माझ्या मायच्या. तो रडला नाही, बांगड्या नीट कागदात गुंडाळून मला परत आणून दिल्या. म्हणाला, "काकू शोधत असतील."

तो आता कुठे आहे मला माहीत नाही. सापडला तर माफी मागायची आहे.

तुमच्या चौकात कोणी हसलं नाही तर तुम्ही विचारता, काय झालं बे. पण जो सगळ्यात जास्त हसतो त्याला कोणी विचारत नाही.

मास्तर_निवृत्त
बाळा, लिहीत राहा. इथे तुला कोणी काही म्हणणार नाही, आणि म्हटलं तर आम्ही आहोत.

धुऱ्यावरची
बांगड्या परत आणून दिल्या, हे वाचून थांबले मी. भाऊ, जपा स्वतःला.

वकिलीण_बाई
नदीकाठ, कधीही काही लागलं, कायद्याचं किंवा नुसतं बोलायचं, मला व्यक्तिगत निरोप करा. नागपूरला या विषयावर काम करणारी मंडळी आहेत, गाठ घालून देईन. नाव सांगायची गरज नाही.

संचालक
सर्वांना सूचना: नदीकाठ यांना गाव, दुकान वा अन्य ओळख विचारणारे तीन प्रतिसाद काढले आहेत. पुन्हा विचारल्यास सदस्यत्व थांबवले जाईल.

तर्रीवाला
मी दोन दिवस काही लिहिलं नाही. नदीकाठ भाऊ, तुमचं तीनदा वाचलं.

माझं मत पूर्ण बदललं असं खोटं लिहिणार नाही. शिमग्याची बोंब मी मारीन. ती सगळ्या गावाची असते, कोणा एकाची नाही. मित्रामित्रांतलं बोलणं पोलिसासारखं तपासावं, हेही मला पटत नाही. पण एक गोष्ट खरी. मी म्हणालो होतो की मनात वाईट नसेल तर शब्द वाईट नाही. मग मी आठवून पाहिलं की आमच्या टोळीत हा शब्द आम्ही कधी कौतुकाने वापरला का. एकदाही नाही. मित्राला लाडाने टकल्या म्हणतो, जाड्या म्हणतो, काळ्या म्हणतो. हा शब्द मात्र प्रत्येक वेळी कोणाला तरी खाली ढकलायलाच वापरलाय. मी एकही उदाहरण शोधू शकलो नाही.

तूरडाळ
आमच्या क्रिकेट टीममध्ये षटकार चालू झाला बरं का. कॉमेंट्रीवाला पोट्टा माईकवर म्हणतो. पहिल्या दिवशी हसले, आता सवय झाली.

झाडीकर
वडिलांशी बोललो. एक तास बोलले. चाळ कोठीतून काढले. गंजले आहेत, पण वाजतात. वेगळा धागा लवकरच.

कास्तकार_पोट्टा
बराच काळ आलो नाही, वेचणी चालू होती. आता मूळ प्रश्नाकडे येतो.

भावाने धागा पूर्ण वाचला. म्हणाला, राहू दे जसाच्या तसा, फक्त माझं नाव येऊ देऊ नको. त्यापुढे आमचं जे बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही.

पण त्याने एक सांगितलं. तू एक दिवस मोज, म्हणाला. म्हणून परवा मोजलं. सकाळी जिनिंगला गाडी घेऊन गेलो तिथपासून रात्री जेवायला बसेपर्यंत. खिशात तुरीचे दाणे ठेवले होते. एका वेळी एक दाणा डाव्या खिशातून उजव्यात.

जिनिंगच्या रांगेत सहा. हमाल एकमेकांना. चहाच्या हॉटेलात तीन. मोबाइलवर ग्रुपात आलेले चार, त्यात एक माझ्या साळ्याने पाठवलेला व्हिडिओ. पानठेल्यावर नऊ. माझ्या तोंडून एक निसटला, बैल अडला म्हणून बैलाला. तोही टाकला खिशात. घरी आलो तर माझा मुलगा, तिसरीत आहे, अंगणात चुलत बहीण आणि एका मित्रासोबत खेळत होता. ती हरली म्हणून नाही, तो हरला म्हणून त्याने स्वतःच्याच मित्राला म्हटलं. हुबेहूब माझ्या आवाजात, माझ्यासारखी मान वाकडी करून.

चोवीस झाले. रात्री दाणे काढून बाजेवर मांडले आणि बायकोला दाखवले. ती म्हणाली, "हे तुमच्या एका दिवसाचे. माझे मी कधी मोजले नाईत."

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर सांगितलं की माझ्यासमोर हे बोलू नका. दोघं हसले. एकाने मुद्दाम माझ्याकडे बघून म्हटलं. मी खर्रा तसाच ठेवला आणि उठून आलो. तिसऱ्या दिवशी परत गेलो, कारण बैठक सोडायची नाही मला, माझीच माणसं आहेत ती. त्या दिवशी त्या एकाचं वाक्य अर्ध्यात आलं आणि त्याने शब्द गिळला. बाकीच्यांनी बोलायचं ते बोललेच. पाच मोजले.

भाऊ आता संक्रांतीला येतोय. फोनवर विचारलं त्याने, "दादा, स्टेशनावरून चौकातून आणशील की बायपासने?" मी म्हटलं, तू सांग. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चौकातून. पण थांबू नको लय वेळ."

आशा_सेविका
मुलाला काय सांगितलं?

कास्तकार_पोट्टा
सांगितलं की हा शब्द मी शिकवला, माझी चूक झाली, आता दोघं मिळून विसरू. तो म्हणाला, मग हरल्यावर काय म्हणू? मी म्हटलं, पुन्हा खेळू म्हण.

नदीकाठ
तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. फक्त एवढंच सांगा की एका वाचणाऱ्याने सांगितला आहे.

कास्तकार_पोट्टा
सांगतो. नक्की.

तूरडाळ
संक्रांतीनंतर किती झाले ते सांगजो, भाऊ.